काका, मला हिशेब द्या!

शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशवे ‘काका, मला वाचवा’ म्हणत धावले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. काकांनी वाचवलं नाही, हेही ठाऊक आहे. अडीचशे वर्षांत आपण बरेच सुधारलो म्हणायचं. आता गारदी नाहीत, तलवारी नाहीत. आता एक एटीएम कार्ड असतं, चार आकडी पिन असतो आणि ओटीपी येणारा एक मोबाइल असतो. आई किंवा बाबा जातात. आपण पुण्यातून, मुंबईतून, बेंगळुरूमधून मिळेल त्या गाडीनं गावी धावतो. आणि त्या गडबडीत तो मोबाइल कुणाच्या खिशात आहे, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही.

विषय अप्रिय आहे, मान्य. लंच टेबलवर आपण होम लोनचा रेट, एसआयपी, पीएफ ट्रान्सफर यावर तासभर बोलू शकतो. पण ‘बाबा गेले आणि त्यांच्या खात्यातले पैसे चुलतभावानं काढले’ हे वाक्य कुणी त्या टेबलवर आणत नाही. लाज वाटते. चोरी दुसऱ्यानं केलेली असते आणि लाज आपल्याला!

गेल्या काही महिन्यांत माझ्या ओळखीतल्या दोघांवर ही वेळ आली. एक साताऱ्याची, एक सांगलीचा. दोघंही पुण्यात नोकरीला. दोघांनीही ‘लिही’ म्हणून सांगितलंय, पण नावं नकोत. बँकांचीही नकोत. ठीक आहे. नावांशिवायही गोष्ट कळेल, कारण ती तुमच्या-आमच्या घराच्या फारच जवळची आहे.

साताऱ्याचा पिन

मैत्रीण हिंजवडीत टीम लीड. भाऊ परदेशात. आई आधीच गेलेली. बाबा निवृत्त शिक्षक, साताऱ्यात एकटे. शेजारी काका, आणि काकांचा मुलगा, म्हणजे हिचा दादा. बाबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. ही शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडून जायची आणि रविवारी रात्री परत. मधले पाच दिवस कोण? दादा. तोच त्यांना नेणार, तोच औषधं आणणार, तोच बिल भरणार. मग पिन कुणाकडे असणार? त्याच्याचकडे! ही दर महिन्याला त्याला ‘थँक यू दादा’ आणि जोडलेल्या हातांचा स्मायली पाठवायची. मनापासून.

बाबा मंगळवारी पहाटे गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. महिन्याभरानं ती बँकेत खातं बंद करायला गेली आणि सहज म्हणून पासबुक भरून घेतलं. मशीन छापत होतं, छापत होतं... बाबा आयसीयूत बेशुद्ध असताना रोज दहा हजार. ते गेले त्याच मंगळवारी सकाळी अकरा वाजता दहा हजार. म्हणजे सगळे स्मशानातून घरी परतायच्या आत. पुढचे सहा दिवस तेच. दोनदा यूपीआयनं मोठ्या रकमा. त्या महिन्याची पेन्शन जमा झाली, तीही दुसऱ्या दिवशी गायब. एकूण साडेतीन लाखांच्या आसपास.

‘‘मला रडूच येईना गं,’’ ती म्हणाली. ‘‘डोळे मिटले की बाबांचा चेहरा यायला हवा ना? मला त्या ओळी दिसायच्या. तारीख, वेळ, दहा हजार.’’

पैशांपेक्षा मोठी चोरी हीच. साडेतीन लाख ती वर्ष-दीड वर्षात पुन्हा साठवेल. बाबांसाठी रडायचे दिवस कुठून आणणार?

पण इथे जरा थांबू. दादा काही सिनेमातला खलनायक नाही. डायलिसिसच्या फेऱ्या त्यानं खरंच मारल्या. आपण ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर फोन करते’ म्हणत होतो, तेव्हा तो हॉस्पिटलच्या बाकावर बसलेला होता. आपल्या गावाकडच्या बहुतेक घरांत ही चोरी अशीच सुरू होते. आधी सेवा असते, मग सोय होते. ‘सुट्टे असू दे तुझ्याकडे’ म्हणत बाबाच चारशे रुपये सोडून देतात. मग एक दिवस बाबा काही बोलू शकत नाहीत, आणि कार्ड तर खिशातच असतं.

म्हणून स्टेटमेंट हातात आलं की सगळी रक्कम एकदम ‘चोरी’ म्हणून लाल पेनानं गोल करू नका. तीन कप्पे करा. पहिला कप्पा, बाबा शुद्धीवर असताना त्यांच्या सांगण्यावरून काढलेले पैसे. ते त्यांचे होते, त्यांनी दिले, विषय संपला. दुसरा कप्पा, बाबा बेशुद्ध असताना काढलेले. त्यातून औषधांची, हॉस्पिटलची बिलं वजा करा, उरलं त्याचा जाब विचारा. आणि तिसरा कप्पा, मृत्यूनंतर काढलेले. इथे ‘पण बाबांनीच पिन दिला होता’ हे उत्तर चालत नाही. माणूस गेला त्या क्षणी त्यानं दिलेली परवानगीही गेली. साधा पिन सोडा, रीतसर केलेलं मुखत्यारपत्रसुद्धा देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. १८७२ च्या करार कायद्यातच ते लिहिलंय.

मग त्या क्षणापासून खात्यातले पैसे कुणाचे? वारसांचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वडील मृत्युपत्र न करता गेले, तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे मुलगे, मुली, पत्नी आणि आई. हो, आजी हयात असेल तर तिचाही बरोबरीचा वाटा, हे पुष्कळ जण विसरतात. आई गेली असेल तर मुलगे, मुली आणि वडील. या यादीत काका नाही, चुलतभाऊ नाही. पहिल्या वर्गातला एक जरी वारस असला, तरी काकांचा नंबरच लागत नाही. (मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी घरांना त्यांचे-त्यांचे वारसा कायदे लागू होतात.)

आणि मुलींनो, ‘तुला काय, तुझं लग्न झालंय’ हे ऐकून गप्प बसू नका. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा देणारी दुरुस्ती २००५ ची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाबांच्या पगारातून, पेन्शनमधून साठलेले बँकेतले पैसे ही त्यांची स्वतःची कमाई. तिथे मुलीचा वाटा मुलाएवढाच, आणि तो १९५६ पासून आहे.

तरी प्रत्यक्षात काय होतं? ज्याच्या हातात सिम कार्ड, तो राजा. साताऱ्यानं हे मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. १८४८ मध्ये छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले, मागे दत्तक पुत्र होता. लॉर्ड डलहौसीनं तो वारस मानलाच नाही आणि राज्य खालसा करून टाकलं. हक्क कुणाचा हा प्रश्न बाजूला राहिला, ताबा कुणाचा एवढंच पाहिलं गेलं. डलहौसीकडे फौज होती, दादाकडे ओटीपी. फंडा तोच!

सांगलीचा नॉमिनी

दुसरी गोष्ट वरवर अगदी कायदेशीर दिसणारी, म्हणून जास्त फसवी.

मित्र सांगलीचा. वडील तो सात वर्षांचा असताना गेले. आईनं नोकरी करून त्याला आणि बहिणीला वाढवलं. पोरं लहान, म्हणून तिनं आपल्या सगळ्या एफडींवर भावाला नॉमिनी केलं. मामाही चांगला. मित्राच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी मामानं भरली होती. पुढे पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, पण नॉमिनेशन बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आई गेली. मामानं मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला आणि बँकेनं सगळ्या एफडींचे पैसे त्याच्या खात्यात जमा केले. भाच्यानं विचारलं तेव्हा मामा म्हणाला, ‘‘नॉमिनी मी आहे. तुझ्या आईनं विचार करूनच नाव घातलं असेल ना?’’

बँकेनं चूक केली का? नाही. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५-झेडए प्रमाणे नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. त्यामुळे काउंटरवर जाऊन कॅशियरशी भांडण्यात अर्थ नाही. पण मामाचे झाले का ते पैसे? तेही नाही! नॉमिनी म्हणजे पोस्टमन. मनिऑर्डर त्याच्या हातात येते, म्हणून ती त्याची होत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा-पुन्हा सांगितलंय. विम्याच्या बाबतीत १९८४ मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितलं. बँक खात्याच्या बाबतीत २०१० मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात सांगितलं. शेअर्सच्या बाबतीत मात्र मधे मोठा घोळ झाला होता. २०१० सालीच मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात पतीच्या डीमॅट खात्यातले शेअर्स पत्नीला न मिळता नॉमिनी असलेल्या पुतण्याला मिळाले. पुढे ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगांवकर यांच्या मागे त्यांच्या गुंतवणुकीच्या नॉमिनेशनचा वाद कोर्टात गेला. त्यात उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये तो जुना निकाल चुकीचा ठरवला आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. नॉमिनेशननं वारसा बदलत नाही. मालक ठरतो तो मृत्युपत्रानं, आणि ते नसेल तर वारसा कायद्यानं.

‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’च्या जॉइंट खात्याचंही थोडंफार असंच. बँक मागे राहिलेल्याला पैसे देते आणि मोकळी होते. पण सोयीसाठी बाबांनी पुतण्याचं नाव खात्यात घातलं, एवढ्यानं पुतण्या मुलगा होत नाही.

आधी बँक, मग भांडण

आपल्या मराठी घरांत क्रम नेमका उलटा असतो. आधी ओट्यावर भांडण, मग भाऊबंदांची बैठक, मग सहा महिने अबोला आणि सगळ्यात शेवटी बँक. तोवर खातं रिकामं आणि पुरावा गायब. म्हणून क्रम पाठच करून टाका.

एक. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून दाखल्याच्या आठ-दहा प्रती घ्या. कमी पडतात, अनुभवी लोकांना विचारा.

दोन. दाखला हातात यायची वाट न बघता बँकेला लेखी कळवा. ‘खातेदाराचं निधन झालं आहे, व्यवहार थांबवावेत’ एवढं पुरे. शाखेला द्या, ईमेलही करा, पोच घ्या. माणूस गेला हे बँकेला आपोआप कळत नाही! तुम्ही कळवेपर्यंत कार्ड, यूपीआय, सही केलेले कोरे चेक, सगळं चालू असतं. कळवल्यानंतर पैसे गेले तर बँकेला जाब विचारता येतो, त्याआधीचे गेले तर कठीण.

तीन. पेन्शन असेल तर पेन्शनच्या कार्यालयालाही कळवा. मृत्यूनंतर चुकून जमा झालेली पेन्शन सरकारला परत जाते. ती कुणीतरी काढून खाल्ली असेल, तर वसुलीचं पत्र घरी येतं.

चार. मोबाइल आणि सिम ताब्यात घ्या. घाईनं बंद मात्र करू नका, कारण विम्यापासून वीजबिलापर्यंत सगळे मेसेज त्यावरच येतात.

पाच. स्टेटमेंटसाठी वारस म्हणून लेखी अर्ज करा, आणि संशय असेल तर त्याच अर्जात एटीएमच्या फुटेजची मागणी करा. फुटेज बँका कायम ठेवत नाहीत, ठरावीक दिवसांनी ते पुसलं जातं. ‘तेराव्यानंतर बघू’ इथे महागात पडतं.

क्लेमची कटकट आता पूर्वीएवढी राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये यासाठी नवे निर्देश काढले आणि ते अमलात आणायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली. सगळी कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत क्लेम निकाली काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर व्याजासकट भरपाई द्यायची. नॉमिनी नसेल तरी १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत) कोर्टाच्या कागदाशिवाय सोप्या पद्धतीनं पैसे मिळतात, बाकीच्या वारसांची हरकत नसली की झालं. त्यापुढच्या रकमेला, किंवा वारसांत वाद असेल तर, कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट मागतात. सातबाऱ्यावरची वारसनोंद जमिनीपुरती, ती घेऊन बँकेत जाऊ नका.

बँकेनं ३० दिवसांत तक्रारीचं समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तक्रार ऑनलाइन होते. पण साताऱ्या-सांगलीकडे घरोघरी पैसे असतात ते पतसंस्थेत! ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे येत नाही. तिथे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांचं कार्यालय गाठायचं.

पोलिसात जायचं का?

माझ्या मैत्रिणीच्या भावाचा पहिला फोन हाच होता, ‘‘सरळ एफआयआर कर!’’ परदेशातून हे म्हणणं सोपं असतं.

कायदा आहे. मृत व्यक्तीची मालमत्ता लाटणं हा वेगळा गुन्हाच आहे. जुन्या दंडविधानात तो १८६० पासून कलम ४०४ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३१५ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. कायद्यात दिलेलं उदाहरणही वाचण्यासारखं आहे. मालक वारला, घरात फर्निचर आणि पैसे आहेत, हक्कदारांच्या हाती पडायच्या आतच नोकरानं पैसे लांबवले. दीडशे वर्षांपूर्वी नोकर डोळ्यांसमोर होता, पुतण्या नव्हता!

अडचण अशी, की हा अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे ठाण्यात ‘एनसी’ नोंदवतील आणि ‘घरगुती मॅटर आहे, बसून मिटवा’ म्हणतील. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास सुरू होत नाही. मात्र दुसऱ्याचा पासवर्ड किंवा तशीच ओळखीची खूण वापरून पैसे काढले असतील, तर आयटी कायद्याचं कलम ६६-सी आहे, आणि ते दखलपात्र आहे. फसवणुकीचंही तसंच. तक्रार लिहिताना वकिलाला सोबत घ्या, कलमं तो बघेल. आणि अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो हे विसरू नका. अंत्यविधीसाठी, हॉस्पिटलच्या उरलेल्या बिलासाठी कुणी पैसे काढले आणि पावत्या दाखवल्या, तर तो चोर नव्हे.

पोलिसांशिवायचा रस्ता म्हणजे वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ‘वर्षश्राद्ध होऊ दे’, ‘बहिणीच्या मुलीचं लग्न होऊ दे’ करत ही तीन वर्षं कशी जातात, कळतही नाही.

‘चिता थंड झाली नाही आणि...’

आता खरा अडसर. कायद्याचा नव्हे, जिभेचा.

मैत्रिणीनं काकांना पहिल्यांदा विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, ‘‘बापाची चिता थंड झाली नाही आणि ही पैसे मोजायला बसली.’’ हे वाक्य एवढं जबरदस्त आहे, की भलेभले तिथेच गारद होतात. हिशेब मागणारा हावरट ठरतो आणि पैसे नेणारा घरचा माणूस. पण जरा उलटं बघा. चिता पेटत असताना एटीएममध्ये कोण होतं?

ती गारद झाली नाही. तिनं आरडाओरडाही केला नाही. पुढच्या रविवारी ती स्टेटमेंटच्या दोन प्रती आणि एक साधी एक्सेल शीट घेऊन काकांकडे गेली. तीन कप्पे, तीन रंग. औषधांच्या ज्या पावत्या सापडल्या त्या तिनं स्वतःच वजा केल्या होत्या. वर दादाचा पेट्रोलचा खर्चही धरला होता. फेऱ्या मोजून! म्हणाली, ‘‘काका, हे तुम्ही आधी बघा. माझं काही चुकलं असेल तर सांगा.’’ मग दादाकडे वळून म्हणाली, ‘‘तू बाबांचं केलंस ते मी विसरणार नाही. त्याचे पैसे मागितले असतेस तर मी दिले असते. पण न विचारता घेतलेस, ते परत पाहिजेत.’’

बराच वेळ कुणी बोललं नाही. काकांनी चष्मा लावून सगळी शीट वाचली. आणि मुलाला एवढंच विचारलं, ‘‘मंगळवारी सकाळी अकराला तू कुठं होतास रे? मी तर समजत होतो, तू फुलं आणायला गेलायस.’’

दोन लाखांहून जास्त रक्कम निघत होती. दादानं कागदावर लिहून दिलं, हप्ते ठरले. तीन आलेत, चौथा लांबलाय. संबंध? पूर्वीसारखे नाहीत. पण तुटलेही नाहीत. वर्षश्राद्धाला सगळे एका पंगतीला बसले. गप्प राहिली असती तर मनातल्या मनात कुढत ती साताऱ्याला जाणंच बंद झाली असती, असं तिचं म्हणणं. मला पटतं. हिशेबानं नाती तुटतात असं आपण समजतो. पण ‘तो विषयच नको’ म्हणून गावाकडे जायचं सोडलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांनी कधी हिशेब मागितलेला नसतो.

सांगलीच्या मित्राचं इतकं सरळ झालं नाही. नोटीस गेली, मामानं ‘निम्मे घ्या’ म्हटलं. बहीण म्हणाली, ‘‘घेऊन टाकू, मामा आहे.’’ हा म्हणाला, ‘‘आईनं निम्मे साठवले नव्हते.’’ दावा सुरू आहे, तारखा पडतायत. त्यात मामाविरुद्ध जितकं आहे, तितकंच भावा-बहिणीतही साचत चाललंय. म्हणून आणखी एक सल्ला. नोटीस पाठवायच्या आधी सगळ्या वारसांनी एकत्र बसून ठरवा, किती लढायचं आणि कशावर थांबायचं. सोडून द्यायचे असतील तरी हरकत नाही. कधीकधी चाळीस हजारांसाठी कोर्टाची पायरी चढण्यात शहाणपण नसतंच. पण आकडा माहीत करून घेऊन, समोरच्याला सांगून सोडा. ‘एवढे निघतात, मी मागत नाही.’ कळून सोडणं म्हणजे मोठेपणा. नुसतं गप्प बसणं म्हणजे पुढच्या घरासाठी रस्ता मोकळा करून देणं.

ट्रंकेतली पासबुकं

आई-बाबांच्या कपाटात, ट्रंकेत जुनी पासबुकं सापडतील. त्यावर कदाचित ‘युनायटेड वेस्टर्न बँक’ असं लिहिलेलं असेल. १९३६ साली सुरू झालेली ही साताऱ्याची बँक ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. किंवा ‘सांगली बँक’. १९१६ ची, एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली. बँक राहिली नाही म्हणून पैसे बुडाले असं समजून पासबुक रद्दीत टाकू नका. खाती नव्या बँकेत वर्ग झालेली असतात. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात, तिथूनही वारसांना बँकेमार्फत परत मिळतात. शोधायला २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे. हे काम आपण केलं नाही, तर ते करायला एखादा उत्साही नातेवाईक तयारच असतो.

ते आहेत तोवर

बाकी सगळे उपाय नंतरचे. खरा उपाय एका वीकेंडचा आहे.

* सगळ्या खात्यांची, एफडींची, पतसंस्थांची एक यादी. आई-बाबांच्याच अक्षरात असेल तर उत्तम.
* प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण, ते तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट.
* मृत्युपत्र. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण केलेलं बरं.
* रोजच्या खर्चासाठी वेगळं छोटं खातं. पिन शेजारच्या दादाकडे द्यायचा तर त्या खात्याचा द्या. मोठी रक्कम दुसरीकडे.
* एसएमएस अलर्टचा नंबर आई-बाबांचाच ठेवा, पण ईमेल अलर्ट तुमच्याकडे येऊ द्या.
* आणि सगळ्यात महत्त्वाचं. जो दादा, जी मावशी, जी शेजारीण तिथे तुमच्या वाटचं करतेय, तिला दर महिन्याला ठरवून पैसे द्या. स्मायली पुरत नाही.

या शनिवारी फोन करा, किंवा सरळ जाऊनच या. खंबाटकी ओलांडली की विषय कसा काढायचा याची रंगीत तालीम करायला भरपूर वेळ मिळतो. ‘बाबा, तुमच्या खात्याला नॉमिनी कोण आहे?’ असं विचारा. ते वर बघतील. बहुधा म्हणतील, ‘मी मरायची वाट बघताय काय?’

बिचकू नका. सांगा त्यांना, ‘नाही बाबा. तुम्ही गेल्यावर मला नुसतं रडता यावं, म्हणून विचारलं.’